वाडीतल्या भांडणात मध्ये पडायचं तर कसं पडायचं

गावात मध्यस्थ कोण अर्ज करून होत नाही. कधीतरी कोणीतरी म्हणतं "तुझं ऐकेल तो, तू जरा बोल ना त्याच्याशी", आणि झालं, तुम्ही अडकलात. बँकेतून रिटायर होऊन गावी राहायला आलेले काका असतात, बचत गटातल्या ताई असतात, अंगणवाडी सेविका, गुरुजी, नाहीतर नुसताच एखादा शांत डोक्याचा पोरगा ज्याचं दोन्ही घरांत येणंजाणं आहे. हा लेख त्यांच्यासाठी. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही वाडीत होणारी रोजची भांडणं धरा, म्हणजे गडगा (हद्दीवरची रचलेल्या दगडांची भिंत) सरकवला, वाट अडवली, विहिरीवर पंप लावला, पागोळ्यांचं पाणी आमच्या खळ्यात पडतं, माडाची झावळी कौलांवर पडली, गुरं भाजीत घुसली वगैरे.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक भांडणात दोन भांडणं असतात. एक वस्तूचं, ते टेपने मोजता येतं, सातबारावर बघता येतं, घड्याळ लावून वाटून देता येतं. दुसरं मानाचं, मला विचारलं नाहीस, चारचौघात माझ्या बापाचं नाव काढलंस, गणपतीत आरतीला आला नाहीस. नवखा माणूस वस्तूचं सोडवून मोकळा होतो आणि पुढच्या शिमग्याला तेच दोघं दुसऱ्याच वस्तूवरून भांडताना दिसतात. जुने जाणते उलटं करतात, दोघांना गळाभेट घ्यायला लावतात, देवळात नारळ ठेवतात, आणि गडगा जिथे होता तिथेच राहतो. दोन्ही सोडवायची आहेत आणि वेगवेगळी सोडवायची आहेत, एकात एक घातलीत की गोंधळ.

पायरी १ : हे तुमचं काम आहे का ते बघा

पहिल्यांदा नाही म्हणायला शिका. नवऱ्याने बायकोला मारलं, सासरी छळ होतोय, हे "घरातलं भांडण" म्हणून तुमच्याकडे येईल आणि सगळे म्हणतील मिटवून टाका, संसार तुटायला नको. यात बसायचं नाही. समोरासमोर बसवलं तर ती बाई त्याच्यासमोर काय बोलणार, रात्री तिला त्याच घरात जायचंय. तिला १८१ नंबर द्या, संरक्षण अधिकाऱ्याकडे जायला सोबत करा, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा त्यासाठीच आहे. लहान मुलाशी वाईट काही झालं असेल तर विचारसुद्धा करू नका, पॉक्सो कायद्यात असं कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणाऱ्यालाही शिक्षा आहे, म्हणजे "गावात मिटवलं" म्हणणारे स्वतःच आत जाऊ शकतात. जातीवरून शिवीगाळ केली, कोयता उगारला, डोकं फुटलं, तिथेही पोलीस. ११२ लावा आणि बाजूला व्हा.

आता ते, ज्याच्याबद्दल आपल्याकडे कोण मोठ्याने बोलत नाही. गावकी बसते, दंड ठरतो, नाही भरला तर त्या घराशी बोलायचं नाही, त्यांच्या लग्नाला जायचं नाही, पालखी त्यांच्या दारात न्यायची नाही. वाळीत टाकणं. रायगड-रत्नागिरीकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. महाराष्ट्राने याविरुद्ध २०१६ मध्ये कायदा केला, देशातला अशा प्रकारचा हा पहिला, २०१७ पासून तो लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वाळीत टाकण्यासाठी भरवलेल्या बैठकीत भाग घेणं हेही गुन्ह्यातच येतं. म्हणून तुम्ही बसलेल्या बैठकीत कोणी "ऐकलं नाही तर वाळीत टाकू" एवढं नुसतं बोललं तरी बैठक तिथेच थांबवायची, हसण्यावारी न्यायची नाही, आणि कशासाठी थांबवली ते सगळ्यांना सांगायचं. मध्यस्थाकडे दंड करायची ताकद नसते, ती नको पण असते. दंड आला की लोक खरं बोलायचे बंद होतात.

जिथे तुमचाच काही हितसंबंध आहे तिथेही नको. ती वाट तुमच्याही काजूच्या बागेत जात असेल, दोघांपैकी एकाला तुम्ही उसने पैसे दिलेत, किंवा येत्या ग्रामपंचायतीला तुमच्या घरातलं कोणी उभं राहणार असेल, तर सरळ सांगा की मी नको, अमक्याला विचारा. भावकीत तर सगळेच कोणाचे ना कोण लागतात, ते चालतं, फक्त नातं दोघांनाही माहीत पाहिजे आणि दोघांनी "चालेल" म्हटलेलं पाहिजे.

आणि समुद्रावरची भांडणं. एकाच रापणीतल्या, म्हणजे किनाऱ्यावरून मिळून जाळं ओढणाऱ्या, माणसांचं वाट्यावरून वाजलं तर बसता येईल, तिथले जाणते असतातच. पण पर्ससीनवाले (घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांचे बोटवाले) आणि पारंपरिक मच्छीमार, किंवा एका बंदराच्या बोटींनी दुसऱ्या बंदराची जाळी तोडली, हे तुमच्या पडवीत सुटणारं नाही. ते मत्स्यव्यवसाय खात्याकडे.

पायरी २ : दोघांकडून होकार

एकाने बोलावलं म्हणून दुसऱ्याच्या दारात जाऊन "मी तुमचं मिटवायला आलोय" म्हणू नका. त्याला वाटणार त्यानेच पाठवलाय. जायचं, बसायचं, आणि खरं तेच सांगायचं, की त्यांनी मला विचारलं, तुमची तयारी असेल तरच मी यात पडेन, मी निकाल देणार नाही, तुम्ही दोघं जे ठरवाल तेच. नाही म्हणाला तर नाही. लगेच चार माणसं घेऊन दुसऱ्यांदा जायचं नाही, एवढ्याने निम्मे लोक बिथरतात. आठ-पंधरा दिवस जाऊ देत, बऱ्याचदा तोच रस्त्यात थांबवून विचारतो की काय झालं पुढे.

पैसे घ्यायचे नाहीत हे कळतंच. पण सुरमई पण घ्यायची नाही, आंब्याची पेटी पण नाही, आणि संध्याकाळची "बसायला या" तर बिलकुल नाही. चहा प्यायचा तर दोघांकडे प्यायचा. हसू नका, अख्खी वाडी मोजत असते तुम्ही कोणाच्या ओटीवर किती वेळ बसलात ते.

पायरी ३ : वेगवेगळं ऐकायचं

लोकांना घाई असते समोरासमोर बसवायची. ती करू नका. आधी प्रत्येकाच्या घरी, त्याच्या पडवीत, त्याच्या वेळेला जायचं. लावणीच्या दिवसात भर दुपारी नको, बाजाराच्या दिवशी नको, आणि दिवेलागणीनंतर ज्यांना थोडी लागते त्यांच्याकडे सकाळीच जा. टपरीवर किंवा एसटी स्टँडवर विषय निघाला तरी "घरी येतो, तिथे बोलू" म्हणून टाळायचं.

ऐकताना काय करायचं असं विचाराल तर काही नाही करायचं. खरंच. "मग काय झालं", "त्याच्या आधी कसं होतं", "तुम्हाला नक्की कशाचं वाईट वाटलं" असे तीन-चार प्रश्न पुरतात. मध्येच "पण तो पण म्हणतोय की" सुरू केलंत की तुम्ही त्याचे वकील झालात. "जाऊ दे हो, आपलीच माणसं" हे तर मुळीच म्हणायचं नाही, आपलीच माणसं आहेत म्हणून तर एवढं लागलंय.

पहिली दहा मिनिटं वस्तू येते. "गडगा सरकवलान त्यानी हातभर." तुम्ही गप्प राहिलात की हळूहळू दुसरं येतं, "आमचे वडील गेले तेव्हा बाराव्याला आला नाय तो", "मुंबईहून आल्यावर मला काका म्हणून हाक पण मारत नाय". असं वाक्य आलं की ते लक्षात ठेवा, मानाचं भांडण तिथे आहे. वहीत दोन पानं करायची, एका पानावर वस्तू, दुसऱ्यावर मान. आणि निघायच्या आधी त्याला आपल्या शब्दात परत सांगायचं, "म्हणजे तुमचं म्हणणं असं ना", बरोबर आहे का विचारायचं. नाही म्हणाला तर दुरुस्त करायचं. मग शेवटी विचारायचं की यातलं काय मी त्यांना सांगू आणि काय सांगू नको. जे सांगू नको म्हणाला ते तुमच्या बायकोला पण सांगायचं नाही, तिथेच बरेच मध्यस्थ संपतात.

पायरी ४ : कागद बघा, पण वेळेत

वस्तूच्या पानासाठी कागद लागतात. सातबारा, आठ अ, फेरफार, आणि हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखकडचा गटाचा नकाशा. सातबारावर नाव आहे म्हणजे मालकी पक्की असं लोकांना वाटतं, पण तो मुळात महसुलाचा कागद, उलट काही सिद्ध होईपर्यंत बरोबर धरला जातो एवढंच. कोकणात तर एकेका सातबारावर वीस-तीस नावं, त्यातली अर्धी माणसं मुंबईत, काही वारलेली आणि वारस लागलेच नाहीत. अशा सामाईक जमिनीत दोन भावांनी आपापसात "इथून तुझं, इथून माझं" असं तोंडी केलेलं असतं आणि भांडण त्या तोंडी वाटपाचं असतं, सातबाऱ्यात त्याचा पत्ताच नसतो. तेव्हा कागद बघून झाले की जुन्या माणसांना विचारा कोण कुठे कसत होतं, कलमं कोणी लावली, गडग्याचे दगड कोणी आणून रचले. हद्दच कळत नसेल तर सरळ मोजणीचा अर्ज टाकायला सांगा, दोघांनी अर्धा अर्धा खर्च करायचा. एकाने एकट्याने मोजणी आणली की दुसरा म्हणणार मोजणीदार फोडला.

वाटेच्या भांडणात मात्र एक घड्याळ चालू असतं ते नवख्यांना माहीत नसतं. शेताची वहिवाटीची वाट किंवा पाणी कोणी अडवलं तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने तहसीलदाराकडे दावा करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तुम्ही "दिवाळीनंतर बसू, गणपतीत सगळे आले की बसू" करत राहिलात आणि सहा महिने उलटले तर ज्याची वाट अडलीय त्याचं तुम्ही नुकसान केलंत, तेही चांगल्या हेतूने. म्हणून पहिल्याच भेटीत वाट अडवल्याची तारीख विचारा, वहीत लिहा, आणि पाचवा महिना लागला की त्याला स्पष्ट सांगा, तुम्ही दावा टाका, बोलणी चालूच राहतील. याशिवाय जमीन महसूल संहितेतलं कलम १४३ आहे, बांधावरून शेतात जायला वाट मागण्यासाठी, तोही अर्ज तहसीलदाराकडेच. आणि वीस वर्षं उघडपणे, हक्काने, न अडवता एखादी वाट वापरली असेल तर १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने त्यावर हक्क सांगता येतो. हे तुम्ही कोर्टात मांडायचं नाहीये, पण "माझी जमीन, मी कुंपण घालणार" म्हणणाऱ्याला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं की तो जरा विचार करतो. झाडांचंही तसंच, "तो आंबा तोडूनच टाका" असं बैठकीत ठरवून मोकळे होऊ नका, आंबा-फणस तोडायला परवानगी लागते.

पायरी ५ : एकत्र बसणं

जागा. देऊळ सगळ्यांना सुचतं, पण देवळात कोण कुठे बसतो याचाच मान असतो आणि तुमच्या दोघांपैकी एक मानकरी असेल तर तो तिथे आधीच वरचढ. शाळेचा व्हरांडा, समाजमंदिर, किंवा तिसऱ्याची पडवी बरी. खुर्च्या सारख्या. एक खुर्चीवर आणि एक जोत्यावर असं नको. माणसं कमी, दोन्हीकडून दोन-दोन बस झाली, बघे नकोत, कारण बघ्यांसमोर कोणी माघार घेत नाही.

बायकांना बोलवा. विहिरीवर पाणी कोण भरतं, त्या वाटेने रोज कोण जातं, पागोळ्यांचा चिखल कोण तुडवतं? पुरुष बैठकीत ठरवून येतात सकाळी सहा ते आठ पंप, आणि घरी गेल्यावर कळतं की त्याच वेळी दोन्ही घरच्या बायका पाण्याला असतात. बरं त्या आल्या की बोलत नाहीत, सासरे बसलेले असतात समोर. तेव्हा आधीच त्यांच्या चुलीपाशी जाऊन विचारून ठेवायचं आणि बैठकीत स्वतः म्हणायचं की पाण्याच्या वेळेचं वहिनींना विचारू या.

मुंबईकर मुलगा हे वेगळंच प्रकरण आहे. बाप इथे तयार होतो, मुलाला फोन लावतो, स्पीकरवरून ठाण्याहून आवाज येतो "बाबा, काही सही करू नका", संपलं. त्याला शेवटी नाही, सुरुवातीलाच धरायचं. पहिल्या आठवड्यात फोन करा, त्याचं ऐका, त्यालाही वस्तू आणि मान दोन्ही आहेत, त्याच्या मनात बहुतेक हेच असतं की आपण लांब आहोत म्हणून आपल्याला खातायत. गणपतीत सगळे चाकरमानी येतात म्हणून बैठक तेव्हाच ठेवायची सवय आहे आपल्याला, मला ती फारशी पटत नाही. घर भरलेलं असतं, कोणाला वेळ नसतो, परतीचं तिकीट काढलेलं असतं आणि निर्णय ट्रेनच्या वेळेवर होतो. शिमग्यात तर पालखीच्या मानाचेच वाद पेटलेले असतात. मे महिन्याची सुट्टी बरी, नाहीतर व्हिडिओ कॉल, पण फोन टेबलावर उभा ठेवून, सगळ्यांना दिसेल असा.

नियम दोनच सांगायचे. एक बोलताना दुसरा बोलणार नाही, आणि रेकॉर्डिंग नाही, वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काही नाही. अर्धवट वाक्य ग्रुपवर गेलं की दुबईला असलेला चुलतभाऊ पण भांडणात उतरतो.

पहिल्यांदा कोण बोलणार हे तुम्ही ठरवू नका, त्यांनाच विचारा, बहुतेक वेळा धाकटा म्हणतो काकांना बोलू दे, आणि एवढ्यानेच हवा थोडी बदलते. आवाज चढला तर दटावायचं नाही. पाणी मागवायचं, उठायचं, पाच मिनिटं परड्यात फिरून यायचं. परत चढला तर दोघांना वेगवेगळं बसवून तुम्ही निरोप न्या-आणा करा, त्यात कमीपणा नाही, काही भांडणं समोरासमोर सुटतच नाहीत.

आता एक उदाहरण धरू, म्हणजे दोन पानांचं काय करायचं ते कळेल. सामाईक विहीर, दोन घरं. धाकट्या घरच्या पुतण्याने होमस्टे काढला, मे महिन्यात पर्यटक, विहिरीवर पंप. थोरल्या घरच्या काकांचं म्हणणं विहीर उपसून टाकलान, माझे माड वाळतायत. पुतण्याचं म्हणणं विहीर दोघांची, माझा पण हक्क आहे. काकांनी एक दिवस पंपाची वायर काढली, पुतण्याने पोलिसात एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, दिली. (एनसी झाली म्हणून बोलणी थांबवायची गरज नसते.) वस्तूच्या पानावर येतं : पाणी किती तास, लाईट बिल कोणाचं, पाणी खाली गेलं तर काय. मानाच्या पानावर काकांकडून येतं की विहीर माझ्या वडिलांनी स्वतः खणली आणि पंप लावताना मला विचारलान नाय, पाव्हणे येतात ते मला वॉचमन समजतात. पुतण्याकडून येतं की काकांनी चारचौघात "भाड्याच्या खोल्या काढून बसलाय" म्हटलं, माझं कर्ज कोण फेडणार ते कोणी विचारत नाही.

तुम्ही पाण्याचे तास मोजायला बसलात तर काका प्रत्येक वेळेला नाही म्हणणार. आधी मानाचं. ते बैठकीत घ्यायचंही नाही, त्याआधीच, पुतण्याला एकट्याला विचारायचं की तुला काकांकडे जाऊन "विचारायला हवं होतं" एवढं म्हणता येईल का. माफी हा शब्द तुम्ही काढू नका, तो ज्याचा त्याने काढला तर काढू दे. तो गेला तर उत्तम. काकांनाही विचारायचं की त्याच्या धंद्याबद्दल तुम्ही एक चांगलं वाक्य बोलाल का, खोटं नको, खरंच वाटेल तेच. हे जमलं की पाण्याचं गणित सोपं होतं. पंप दिवसात दोनदा, बायकांची पाण्याची वेळ सोडून. विहिरीच्या आतल्या चिऱ्यावर रंगाने खूण, पाणी त्याच्या खाली गेलं की त्या दिवशी पंप बंद, मग पर्यटक असोत नाहीतर मंत्री असोत. मग पुतण्या टँकर मागवेल, खर्च त्याचा. वीजमीटर वेगळा. आणि हे सगळं मृग लागेपर्यंतच, पावसानंतर परत बसून बघायचं.

हे शेवटचं महत्त्वाचं आहे. "कायमचं" म्हटलं की दोघंही घाबरतात, त्यांना वाटतं आपण पोराबाळांचा हक्क सोडला. एका हंगामापुरतं म्हटलं की करून बघतात, आणि करून बघितलं की बहुतेक वेळा तसंच चालू राहतं.

तोडगा मात्र त्यांच्या तोंडून आला पाहिजे. तुम्हाला पहिल्याच दिवशी उत्तर दिसलेलं असतं, तोंडाशी आलेलं असतं, ते गिळायचं. फारच अडलं तर दोन-तीन पर्याय एकदम ठेवा, एकच ठेवलात तर तो तुमचा निवाडा झाला आणि उद्या बिनसलं की दोघं मिळून तुम्हाला शिव्या देणार.

पायरी ६ : लिहून काढा

साध्या मराठीत, एका पानात. "उभयपक्षी सामंजस्याने मिटले" असलं काही लिहू नका, त्यातून कोणाला काय करायचंय ते कळत नाही. कोणी, काय, कधीपासून, कधीपर्यंत. खूण कुठल्या चिऱ्यावर. मोडलं तर आधी कोणाकडे जायचं. तारीख, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, मोठ्याने वाचून दाखवायचं कारण काहींना वाचता येत नाही आणि ते सांगत नाहीत. प्रत दोघांकडे. मानाचं जे काही झालं ते कागदावर आणायचं नाही, ते बोललं तेवढंच.

या कागदाची ताकद किती ते खरं सांगा. स्टॅम्पवर लिहिलं की पक्कं, हा आपल्याकडचा आवडता गैरसमज (आणि ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा स्टॅम्प चालत पण नाही, पाचशेचा लागतो). २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात गावपातळीवरच्या सामुदायिक मध्यस्थीचा विचार केलाय, पण त्यातून झालेला करार कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही, असं त्यातच लिहिलंय. पाण्याच्या पाळीला, गुरांना, पागोळ्यांना तुमचा कागद पुरतो. जमिनीची मालकी, हिस्सा, वाटप याला अजिबात पुरत नाही, तिथे नोंदणी लागते, किंवा सामाईक जमीन सगळ्यांच्या संमतीने वाटायची तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज. पक्कं करून हवं असेल तर ठरलेली तडजोड घेऊन लोकअदालतीत जा. कोर्टात केस नसली तरी दाखलपूर्व म्हणून तिथे घेतात, कोर्ट फी नाही, आणि तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच, त्यावर अपील नाही. अपील नाही हे सही करायच्या आधी दोघांना दोनदा सांगा.

गावात तंटामुक्त समिती चालू असेल तर तिचीही मदत घ्या. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा बक्षिसं होती, लाखांत, लोकसंख्येप्रमाणे, आणि तेव्हा सगळीकडे उत्साह होता. काही ठिकाणी बक्षिसासाठी भांडणं कागदावरच मिटली. पण एखाद्या गावात समितीतली माणसं चांगली असतील तर त्यांच्या रजिस्टरला नोंद झालेली बरी. पोलीस पाटलांना कळवून ठेवा, म्हणजे उद्या कोणी बीटवर गेलं तर त्यांना आधीचं माहीत असतं.

पायरी ७ : नंतर

आठ दिवसांनी सहज चक्कर टाका. दोघांकडे. काही विचारायचं नाही, नजर टाकायची, पंप किती वाजता चालू आहे. पहिली मोडतोड पंधरवड्यात होते आणि ती बहुतेक वेळा मुद्दाम नसते, पाव्हणे उशिरा उठले आणि पंप नऊला लावला एवढंच. पण दुसऱ्याला ते मुद्दामच वाटतं, त्यामुळे तिथे तुम्ही लगेच पोचणं हे पूर्ण बैठकीइतकं मोलाचं आहे. पहिला पाऊस पडला की परत एकदा, पागोळ्या आणि वहाळाचं पाणी यांची भांडणं तेव्हाच जागी होतात.

नाही मिटलं तर? नाही मिटलं. तसं दोघांना एकाच दिवशी सांगायचं, कोणामुळे नाही मिटलं ते सांगायचं नाही, आणि पुढची वाट दाखवायची. तालुका विधी सेवा समिती तालुक्याच्या कोर्टातच असते, बायकांना, अनुसूचित जाती-जमातींना, कमी उत्पन्न असणाऱ्यांना तिथून वकील फुकट मिळतो, फोन करायचा तर १५१००. नंतर एखादा वकील तुमच्याकडे येईल की बैठकीत तो काय कबूल झाला होता ते साक्षीत सांगा. नाही म्हणा. तुमच्यासमोर लोक मोकळे बोलले कारण ते बाहेर जाणार नव्हतं, आणि एकदा गेलं की त्या वाडीत पुढचं भांडण तुमच्याकडे येणार नाही. वहीतली ती दोन पानं फाडून चुलीत घाला, वाट अडवल्याची तारीख तेवढी ज्याची त्याला आधी लिहून द्या.